सोर्स नंबर एकोणीस

शर्टाचं वरचं बटण काढायचं, डाव्या खांद्याच्या जरा खाली दोन बोटांनी दोनदा टकटक करायचं आणि म्हणायचं, "हजर आहे. लिहा."

नमस्कार नाही, बसू का नाही, कशा आहात तर नाहीच नाही. दर फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला ते माझ्या टेबलासमोर उभे असायचे. मी दहा वाजून दोन मिनिटांनी आले तर घड्याळाकडे बघून म्हणायचे, "माझ्या आतलं यंत्र पन्नास वर्षांत दोन मिनिटं थांबलेलं नाही." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पुण्यात दर दोन इमारतींमागे एक सापडतं. बाकीच्यांच्या छातीत नुसता तोरा असतो. यांच्या छातीत तोरा होता आणि प्लुटोनियमही होतं.

मी स्वारगेटजवळच्या एका इस्पितळात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे. एवढं नाव दाराच्या पाटीवर मावेना म्हणून प्रशासनाने नुसतं 'सुरक्षा अधिकारी' लिहिलं. तेव्हापासून लोक पार्किंगची भांडणं घेऊन तळघरात माझ्याकडे येतात. किरणं सोडणारी कुठलीही वस्तू म्हणजे आमच्या भाषेत सोर्स. इस्पितळात असे अठरा सोर्स होते, शिशाच्या डब्यांत, लोखंडी तिजोरीत, दोन कुलपांत. एकोणिसावा इस्त्रीची पँट घालून, बिबवेवाडीहून बसने यायचा.

त्यांची हकिगत थोडक्यात अशी. तरुणपणी ते अमेरिकेत एका कारखान्यात इंजिनिअर होते. तिथे हृदयाचे ठोके मधेच थांबायला लागले. त्या काळच्या पेसमेकरची बॅटरी दोनेक वर्षांत संपायची, की पुन्हा छाती उघडा. म्हणून काही मोजक्या लोकांना तिथल्या डॉक्टरांनी अणुशक्तीवर चालणारा पेसमेकर बसवला. आत प्लुटोनियमची बारीकशी कुपी; तिच्या उष्णतेवर वीज तयार होते आणि माणसाचं आयुष्य संपलं तरी ती संपत नाही. बाहेर किरणं अगदी थोडी येतात, शेजारी बसणाऱ्याला काही होत नाही. पण कुपी कधी फुटली आणि आतली भुकटी श्वासातून गेली, तर ते फार वाईट. म्हणून बसवतानाच सही घेतलेली: दर वर्षी कुठे आहात ते कळवायचं, आणि मेल्यावर देहाला अग्नी देण्याआधी यंत्र काढून परत पाठवायचं.

पुढे ते भारतात परतले, चाकणकडच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, बायको गेली, मूलबाळ नव्हतं. यंत्र चालू राहिलं. जी कंपनी दर वर्षी पत्र पाठवायची ती मात्र बंद पडली. सही करून दिलेला शब्द कुणापाशी पाळायचा तेच उरलं नाही, तेव्हा हे गृहस्थ आमच्या इस्पितळात येऊन थडकले. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने त्यांना मानसोपचार विभागात पाठवलं होतं. मी निदान मोजणीयंत्र लावून बघितलं. काटा हलला, तशी मी खुर्चीवरून उठले.

"बसा," ते म्हणाले. "पळून जाण्याइतकं काही नाही. तुमचं शिक्षण काय झालंय?"

मी सांगितलं.

"मग असू दे."

मी त्यांना एकदा काका म्हटलं. ते म्हणाले, "मी तुमचा काका नाही, सोर्स आहे. नंबर द्या." मी चिडून रजिस्टर उघडलं आणि एकोणीस लिहिलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले असावेत. दातांच्या बाबतीतही काटकसर, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

मग मी अशा सोर्सवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या सरकारी ऑफिसला कळवलं. तुम्हाला सरकारी पत्रं वाचायची सवय असेल तर पुढचं ओळखीचं वाटेल. त्यांनी विचारलं, सोर्सच्या साठवणुकीची जागा कळवावी. मी लिहिलं, छातीत, डावीकडे. त्यांनी विचारलं, जागेला कुलूप आहे काय. हे पत्र मी एकोणीस नंबरला दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "सही करणाऱ्याला पगार आहे ना? मग झालं."

तुम्ही म्हणाल, काढून टाकायचं ते यंत्र आणि साधं नवीन बसवायचं. आमचे हृदयविकारवाले डॉक्टरही दर वर्षी हेच म्हणायचे. त्यावर त्यांचा एकच प्रश्न असे: "काढून ठेवणार कुठे? कोण घेणार, ते लेखी दाखवा. उद्या छाती उघडतो."

इथेच घोडं पेंड खात होतं. अमेरिकेतली एक सरकारी प्रयोगशाळा घ्यायला तयार होती. पण भारताचा निर्यात परवाना दाखवा म्हणाली. मुंबई म्हणाली, निर्यात हवी तर आधी आयात परवाना दाखवा. आणि आयात कशी झाली होती? खिडकीजवळच्या सीटवर बसून, शाकाहारी जेवण मागवून. नऊ वर्षं मी पत्रं लिहिली आणि नऊ वर्षं नन्नाचा पाढा ऐकला.

"तोवर गोदाम मीच," ते म्हणायचे. "तुमच्या तिजोरीपेक्षा बरं आहे. निदान गोदामाला अक्कल आहे."

असा माणूस आवडणं कठीण होतं. मला आवडत नव्हता. ते लिफ्टमनला लिफ्ट कशी चालते ते शिकवायचे. आमच्या पाणी पिण्याच्या जागेवर 'स्वच्छता राखा' असं लिहिलंय, त्याखाली त्यांनी पेन्सिलने 'आधी तुम्ही' लिहिलं. त्यांचा वारज्याचा पुतण्या आयटीत होता. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "तो क्लाउडमध्ये काम करतो. जमिनीवरचं काही त्याला सांगू नका." खरं तर मला त्यांच्या तुसडेपणाची मजा वाटायची, कारण तो माझ्याही अंगात आहे. पण दुसऱ्याच्या अंगातला तुसडेपणा सहन करायला आपण थोडेच बांधील असतो?

एका फेब्रुवारीत हजेरी झाल्यावर ते गेले नाहीत. "माणूस गेल्यावर पुढे काय होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"आत्म्याचं?"

"राखेचं. कोण सावडतं, कुठे टाकतं, त्यानंतर तिला कोण हात लावतं?"

"नाही."

"मग अधिकारी कशाच्या तुम्ही?" त्यांनी बटण लावलं. "येत्या गुरुवारी अकरा वाजता मी मरणार आहे. तुमची व्यवस्था बघायची आहे."

मी हसले. गुरुवारी भाचीचा साखरपुडा होता, त्यामुळे मी रजेवर होते आणि ही गोष्ट साफ विसरले.

ठरल्याप्रमाणे ते अकराला पलंगावर आडवे झाले. त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी इस्पितळात फोन केला. आधी हृदयविकारासाठी एक दाबा, मग मराठीसाठी दोन दाबा. मावशी म्हणाल्या, पेशंट गेले. पलीकडची मुलगी म्हणाली, पेशंटला मंगळवारी घेऊन या, डॉक्टर साडेचारनंतर असतात.

इकडे मावशींचा आवाज जिन्यात ऐकू गेला, तिथून वॉचमनला आणि वॉचमनकडून सोसायटीच्या सेक्रेटरीला. हा प्राणी तुमच्याही सोसायटीत असणार. एरवी पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं तर आठवडाभर उत्तर देत नाही, पण कुणी गेलं की अंगात वारं संचारतं. शववाहिकेचा नंबर तोंडपाठ, तिरडीच्या सामानाचं दुकान ओळखीचं, साडेतीन तासांत मोकळं करतो ही प्रौढी. अर्ध्या तासात ग्रुपवर साठ जणांनी हात जोडले, बांबू आले, मडकं आलं. चौघे जण उचलायला वर गेले, तर दार स्वतः मयतानेच उघडलं. पायजमा, बनियन आणि हातात घड्याळ.

"एकतीस मिनिटं," ते सेक्रेटरीला म्हणाले. "शाब्बास. जाळलंत मला."

शुक्रवारी ते माझ्यासमोर उभे. टकटक नाही, हजेरी नाही. "जाळणारे पास. तुम्ही नापास."

मी भांडले. मेल्याचं सोंग करणं हा नियमात बसणारा प्रकार नाही म्हणाले, मलाही घरदार आहे म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं. "झालं?" म्हणाले आणि गेले. त्या दिवशी घरी जाताना मला पक्कं कळलं की म्हातारा बरोबर होता. राग त्याचाच आला.

मग मी एका पानाची कार्यपद्धती लिहिली आणि इस्पितळाच्या साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. मी ती परस्परच लागू केली. फोन थेट माझ्या मोबाइलवर. एक सर्जन, एक शिशाचा डबा, एक मोजणीयंत्र, एक संमतीपत्र. त्यांच्या गळ्यात स्टीलचा बिल्ला: अग्नी देऊ नये, आधी या नंबरवर फोन करा. छातीवर ठेवायला त्याच मजकुराचं कार्ड. आणि दर सहा महिन्यांनी तालीम. दुसऱ्या खेपेला आम्ही दोन तासांनी पोचलो, तिसऱ्याला सव्वा तासाने. प्रत्येक वेळी ते पलंगावर डोळे मिटून, हात जोडून, छातीवर कार्ड ठेवून पडलेले असायचे आणि आम्ही आत शिरलो की डोळे न उघडता म्हणायचे, "नापास." मग उठून चहा करायला सांगायचे. चहा वाईट असायचा.

त्यांनी सगळ्यात जास्त छळलं ते मावशींना. मावशी हवेली तालुक्यातल्या, नदीकाठच्या एका गावातून लग्न होऊन आलेल्या. जित्या माणसाला गेले म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. पहिल्या तालमीत त्या फोनवरच रडल्या होत्या.

"असं वंगाळ बोलू ने तोंडानं," त्या मला सांगायच्या. "पाप लागतंय. तुम्ही तरी सांगा की त्यांना."

ते म्हणायचे, "रडायचं नंतर. आधी वाक्य बोला."

वाक्यं चार होती. ते समोर बसून पाठ करून घ्यायचे, शाळेत पाढे घ्यावेत तशी. बिबवेवाडीचे पेशंट गेले. छातीत सोर्स आहे. जाळायचं नाही. तुम्ही या. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षांत मावशींच्या आवाजातून रडणं तर गेलंच, मावशीही गेल्या; बँकेतून येणाऱ्या फोनसारखा आवाज झाला. मी एकदा म्हटलं, अहो, त्यांना इतकं कशाला राबवता? मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. ते म्हणाले, "यंत्रावर माझा विश्वास आहे. तुमच्या मोबाइलवर नाही."

गेल्या वर्षी इस्पितळाची तपासणी होती. दिल्लीहून तिघे आले होते आणि साहेब त्यांना तळघरातल्या नव्याने रंगवलेल्या भिंती दाखवत होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा मोबाइल वाजला.

"बिबवेवाडीचे पेशंट गेले. छातीत सोर्स आहे. जाळायचं नाही. तुम्ही या."

तालीम होऊन दोनच महिने झाले होते. मला वाटलं, मुद्दाम. तपासणीचा दिवस मीच त्यांना बोलून बसले होते, आणि तोच दिवस म्हाताऱ्याने निवडला. त्यांच्या स्वभावाला ते शोभूनही दिसत होतं. संताप आला. पण आज न जावं तर फेब्रुवारीत वर्षभराचं ऐकून घ्यावं लागेल. म्हटलं, आज दाखवतेच. साहेबांना म्हटलं, आणीबाणी आहे. सर्जनला ओढला, डबा घेतला, मोजणीयंत्र घेतलं, मोबाइलवर वेळ लावली. वाटेत पुतण्याला संमतीसाठी फोन केला. तो म्हणाला, "मॅम, रिहर्सल आहे की फायनल? आय ॲम ऑन अ कॉल." मी म्हटलं, रिहर्सल. तो म्हणाला, "देन कन्सेंट समजा."

खाली सेक्रेटरी स्कूटर धूत होता. आम्हाला बघून त्याने दात काढले. "या या. आज पुन्हा वारले वाटतं? मी नाही हं फसत आता."

आम्ही जिने चढलो. दार उघडं होतं. ते पलंगावर डोळे मिटून, हात जोडून, छातीवर कार्ड ठेवून पडलेले होते. बिल्ला सरळ केलेला. मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"चौतीस मिनिटं. तपासणी सोडून आलेय. पास म्हणा आणि उठा."

ते नापास म्हणाले नाहीत.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. "बाई," त्या म्हणाल्या, "मी वाक्य बरोबर बोलले ना?"

"बोललात."

"समदं झालं का मग? आता रडू का?"

आणि त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि रडल्या. साडेदहाला त्या पोळ्या करायला आल्या, तेव्हा ते खुर्चीत गेलेले होते. मावशींनी शेजारणीच्या मदतीने त्यांना पलंगावर आणलं, कार्यपद्धतीच्या पानात लिहिल्याप्रमाणे हात जोडले, कार्ड ठेवलं, फोन केला. इमारतीत कुणी हललं नाही. तालीमच आहे म्हणून शेजारीणही हसत हसतच घरी गेली होती. मी तरी कोणती वेगळी? मेलेल्या माणसाच्या नाकासमोर मी मोबाइल नाचवला. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

सर्जनने ईसीजी लावला. कागदावर एकसारख्या उभ्या रेघा येत होत्या, मिनिटाला सत्तर. मागे येऊन उभा राहिलेला सेक्रेटरी पुटपुटला, "अहो, चालतंय की अजून!"

"यंत्र चालतंय," मी म्हटलं. "ते गेले."

इस्पितळात नेऊन यंत्र काढायला पाऊण तास लागला. मावशी तळघरातल्या बाकावर बसून होत्या. मी चहा आणून दिला, तसं त्यांनी हळूच विचारलं, "निघालं का ते?"

"निघालं. डब्यात ठेवलं."

"मग बरं झालं. त्यांना लई काळजी होती." त्यांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "माझी आय नदीला राख चाळायची, बाई. मयताच्या राखंत कधी मणी, कधी नथीची तार घावायची. त्याच्यावर आम्हाला वाढवलं. मी एकदा ह्यांना बोलले होते. तवापासून मागंच लागले, कशानं चाळते, तोंडाला फडकं बांधते का, घावलेलं कुठं ठेवते. आता माझी भावजय चाळती."

"भावजयीचं त्यांना माहीत होतं?"

"नाव माहीत होतं. म्हणायचे, तुमच्या भावजयीच्या चाळणीत मी जाणार नाही. तेवढी चार वाक्यं नीट पाठ करा."

नऊ वर्षं मी त्यांना तऱ्हेवाईक समजत होते. मला वाटायचं, नियम पाळण्याचा यांना माज आहे. कार्यपद्धती मी लिहिली, सही माझी, हुद्दा माझा, आणि ती कुणासाठी आहे हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली, आणि त्यांनी ते मला सरळ सांगितलं नाही याचा रागही आला. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्यानंतर देह सेक्रेटरीच्या ताब्यात गेला आणि त्याने आपला लौकिक राखला. देहात किरणोत्सर्गी वस्तू नाही असा दाखला मी स्मशानातल्या कारकुनाला दिला. त्याने तो उलटा धरून बघितला, कुठल्या फाइलला लावू असं विचारलं आणि शेवटी टेबल हलत होतं म्हणून पायाखाली घडी करून सरकवला. हे बघायला ते हवे होते. पुतण्याने ग्रुपवर काकांचा अमेरिकेतला फोटो टाकला.

यंत्र आता माझ्या तिजोरीत आहे. मुंबईहून पत्र आलं: साठवणुकीची जागा आणि कुलूप यांची माहिती मिळाली, नोंद पूर्ण करण्यात येत आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचं समाधान झालं. आयात परवाना अजून मागतात. साहेबांनी मात्र तपासणीच्या अहवालात माझी कार्यपद्धती आपल्या नावाने घातली आहे.

या फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी तळघरात दहाला पाच मिनिटं असतानाच पोचले. तिजोरी उघडली, डबा काढला, मोजणीयंत्र लावलं. मग आमच्या तंत्रज्ञाने दोन तारा जोडल्या. पडद्यावर रेघा उमटायला लागल्या, मिनिटाला सत्तर, एकही चुकलेली नाही. मी रजिस्टर उघडलं. इतकी वर्षं शेऱ्याच्या रकान्यात मी 'हजर' लिहीत आले होते. पेन तिथेच अडलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मावशी होत्या. त्या आता दुसरीकडे पोळ्या करतात.

"बाई, आज सोमवार ना? चालू हाय का?"

"चालू आहे," मी म्हटलं.

"मग लिव्हा," त्या म्हणाल्या.

मी 'चालू' लिहिलं, दोन्ही कुलपं लावली आणि मागे वळले. दारात एक गृहस्थ पार्किंगची तक्रार घेऊन उभे होते.